विश्लेषण : नकली ‘विंडोज’ची किंमत कोण मोजते? फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीममुळे संगणक असुरक्षित कसा होतो?

‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’ चालवायची तर संगणकात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप असावी लागते आणि अनेक जुन्या संगणकांत ती नाही. त्यामुळे घरोघरी, दुकानांत, दवाखान्यांत आणि छोट्या कार्यालयांत एकच प्रश्न उभा राहिला आहे. नवा संगणक घ्यायचा, की नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावून काही शे रुपयांत ‘विंडोज टाकून’ घ्यायची? दुसरा मार्ग भारतीयांच्या ओळखीचा आहे. मात्र, त्यात नेमके काय टाकले जाते, कोणते दार उघडे राहते आणि बिल कोणाच्या नावावर फाटते, याचा विचार सहसा होत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमची चोरी वेगळी का ठरते?

सॉफ्टवेअर चाचेगिरी म्हणजे परवान्याशिवाय सॉफ्टवेअरची प्रत करणे, विकणे किंवा वापरणे. एक परवाना घेऊन दहा संगणकांवर तीच प्रत टाकणे हीदेखील चाचेगिरीच. एखादा गेम किंवा फोटो सजवण्याचे सॉफ्टवेअर चोरीचे असेल, तर धोका बराचसा त्या सॉफ्टवेअरला मिळालेल्या मुभेपुरता असतो. ऑपरेटिंग सिस्टीमचे तसे नाही. कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वाचणार, कळफलकावर दाबलेले अक्षर कोणाकडे जाणार, इंटरनेटवर कोणाला बोलू द्यायचे, हे सगळे तीच ठरवते. अँटिव्हायरससुद्धा ‘या फोल्डरमध्ये काय आहे’ हे ऑपरेटिंग सिस्टीमलाच विचारतो. तिच्यातच फेरफार झालेला असेल, तर मिळणारे उत्तर खरे असेलच याची खात्री उरत नाही. कुंपणानेच शेत खाल्ले तर राखणदाराने पाहायचे कुठे, असा हा प्रकार आहे.

हे भांडण सुरू कधी झाले?

घरगुती संगणकाच्या जन्मापासूनच. १९७५ मध्ये अमेरिकेत ‘अल्टेअर’ हा हौशी मंडळींनी जोडायचा संगणक आला. त्यासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी ‘बेसिक’ ही प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली. ती छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळत असे. कॅलिफोर्नियातील एका प्रात्यक्षिकात अशी एक पट्टी कोणी तरी उचलली, तिच्या प्रती काढल्या गेल्या आणि त्या ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’च्या सभासदांत वाटल्या गेल्या. एक प्रत नेणाऱ्याने पुढच्या वेळी दोन आणाव्यात, असा तिथला रिवाज होता. वैतागलेल्या गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून खुले पत्र लिहिले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतली, या कामाचा मोबदला ताशी दोन डॉलरहूनही कमी पडतो, अशी त्यांची तक्रार होती. यंत्राचे पैसे द्यायचे, पण त्यावर चालणारी आज्ञावली ही वाटून घ्यायची गोष्ट, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. गेट्स यांचे म्हणणे त्याच्या उलट होते. तो वाद आजही मिटलेला नाही.

‘ॲक्टिव्हेशन’ची गरज का भासली?

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात सीडीच्या पाकिटावर छापलेला क्रमांक टाकला की काम भागत असे. तोच क्रमांक शंभर संगणकांवर चालला तरी कंपनीला कळण्याचा मार्ग नव्हता. २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या ‘विंडोज एक्सपी’मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हेशन सक्तीचे केले. संगणकातील प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांवरून एक सांकेतिक खूण तयार व्हायची आणि ती उत्पादन क्रमांकाशी जोडली जायची. ३० दिवसांत इंटरनेट किंवा फोनवरून ही नोंद केली नाही, तर संगणक वापरता येत नसे.

पण मोठ्या कंपन्यांना हजारो संगणकांवर हे करत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेशन न मागणारी वेगळी आवृत्ती आणि वेगळा क्रमांक होता. असाच एक क्रमांक एक्सपी दुकानांत पोहोचण्याआधीच फुटला. ‘एफसीकेजीडब्ल्यू’ने सुरू होणारा तो २५ अक्षरांचा क्रमांक जगभरातील संगणक दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ झाला. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये पहिल्या सर्व्हिस पॅकमधून तो बाद केला. मग ‘सर्व्हिस पॅक टाकू नका’ हा सल्ला फिरू लागला. सुरक्षेची डागडुजी आणि चोरी पकडणे ही दोन्ही कामे एकाच अपडेटमधून येऊ लागली आणि नकली प्रत वापरणारा दोन्हींपासून पळू लागला. पुढच्या बऱ्याच नुकसानीचे मूळ इथे आहे.

‘क्रॅक’ संगणकात नेमके काय करतो?

विंडोज ७ च्या काळात ‘लोडर’ नावाचा प्रकार लोकप्रिय होता. नामांकित कंपन्यांच्या संगणकात कारखान्यातच, बायॉसमध्ये, एक खूण ठेवलेली असे. ती दिसली की विंडोज स्वतःला अस्सल मानत असे. लोडर हा विंडोज सुरू होण्याआधी जागा होऊन तीच खूण खोटी उभी करायचा. म्हणजे सुरक्षेची कोणतीही यंत्रणा सुरू होण्यापूर्वीच परक्या प्रोग्रॅमच्या हाती संगणकाचा ताबा जात असे. ‘बूटकिट’ या अतिशय चिवट प्रकारातील घातक सॉफ्टवेअर दबा धरून बसते तीही हीच जागा. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा ७० हून अधिक युक्त्या ओळखणारे अपडेट आणले. त्यावरचा सर्वसाधारण उपाय ठरला तो अपडेट बंद करण्याचा.

नंतरच्या आवृत्त्यांत ‘केएमएस’ या सोयीचा गैरवापर वाढला. मोठ्या संस्थांत किमान २५ संगणक असतील, तर प्रत्येक संगणक मायक्रोसॉफ्टकडे न जाता संस्थेच्याच सर्व्हरकडून मान्यता घेऊ शकतो. ही मान्यता १८० दिवस टिकते, त्याआधी ती नव्याने घ्यावी लागते. नकली ‘ॲक्टिव्हेटर’ वापरणाऱ्याच्या संगणकातच असा खोटा सर्व्हर उभा करतो. मान्यता पुन्हा पुन्हा द्यायची असल्याने तो एकदा चालून निघून जात नाही. संगणकाचे सर्वाधिकार घेऊन पडद्यामागे मुक्काम ठोकतो. त्याला हाकलले जाऊ नये म्हणून अँटिव्हायरस बंद करायला किंवा त्या फोल्डरकडे दुर्लक्ष कर असे त्याला सांगायला लागते. वापरकर्ता हे सगळे स्वतःच्या हाताने करतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार.

या सवयीचा फायदा घेणारेही आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये ‘रेड कॅनरी’ या सायबर सुरक्षा कंपनीने असाच एक प्रकार उघड केला. लोकप्रिय ॲक्टिव्हेटरच्या नावाने पसरवलेल्या फाइलमधून ‘क्रिप्टबॉट’ हे सॉफ्टवेअर संगणकात शिरत होते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि आभासी चलनाच्या पाकिटांची माहिती ते पळवत होते. विंडोज ॲक्टिव्हेट होत असल्याने वापरकर्त्याला संशय येण्याचे कारण नव्हते.

नकली प्रतीला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, हे खरे का?

हा समज अर्धाच खरा आहे. परवान्याची नोंद नसलेल्या विंडोजलाही महत्त्वाची सुरक्षा अपडेट देण्याचे मायक्रोसॉफ्टचे धोरण दीर्घकाळ राहिले आहे. २००५ मध्ये ‘जेन्युइन ॲडव्हान्टेज’ ही अस्सलपणाची तपासणी सुरू झाली, तेव्हा इतर डाउनलोड अडवले गेले, पण स्वयंचलित सुरक्षा अपडेट सुरू ठेवण्यात आली. विंडोज १० आणि ११ ॲक्टिव्हेट केली नाही, तर पडद्याच्या कोपऱ्यात सूचना दिसते आणि पार्श्वभूमीचे चित्र, रंग वगैरे बदलण्याच्या सोयी बंद होतात. संगणक मात्र चालतो आणि अपडेटही येतात. कारण उघड आहे. एक रोगट संगणक शेजारच्या दहा अस्सल प्रतींनाही त्रास देतो.

अडचण येते ती दुसऱ्या टोकाकडून. नकली प्रत तयार करणारा अपडेटची यंत्रणाच काढून टाकतो किंवा विंडोज टाकून देणारा ‘अपडेट करू नका, नाही तर पुन्हा बोलवावे लागेल’ असे बजावून जातो. दार आतून बंद केले जाते. २००८ मधील चीनचे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी २० ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने चीनमधील नकली एक्सपीवर दर तासाला पडद्याची पार्श्वभूमी काळी करण्यास सुरुवात केली. वापरकर्ते संतापले, अपडेट बंद ठेवण्याचे सल्ले फिरू लागले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक गंभीर त्रुटी बुजवणारे तातडीचे अपडेट जारी केले. नोव्हेंबरमध्ये त्याच त्रुटीतून ‘कॉनफिकर’ हा किडा जगभर पसरला आणि त्याने लाखो संगणक ग्रासले. चीन आणि ब्राझील यांसारखे चाचेगिरीचे मोठे प्रमाण असलेले देश त्यात पुढे होते. काळ्या पडद्याच्या भीतीने ज्यांनी अपडेट बंद केली, त्यांनी नेमकी नको त्या आठवड्यात बंद केली.

‘वॉनाक्राय’ने काय दाखवले?

१२ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात १५० हून अधिक देशांतील दोन लाखांहून जास्त संगणकांतील फाइल कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली गेली. ज्या त्रुटीतून हा हल्ला झाला, तिच्यावरील अपडेट १४ मार्च रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, उपलब्ध होते. चीनमध्ये विद्यापीठांचे संगणक आणि पेट्रोल पंपांवरील पैसे भरण्याच्या यंत्रणा ठप्प झाल्या. तिथल्या नकली विंडोजच्या प्रमाणाकडे तेव्हा पुन्हा बोट दाखवले गेले. भारतात केरळमधील काही ग्रामपंचायतींच्या आणि आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांना झळ बसली. फैलाव इतका होता की, तीन वर्षांपूर्वीच पाठिंबा थांबवलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून अपडेट दिले.

मात्र, सगळा दोष नकली प्रतींवर ढकलणे चुकीचे ठरेल. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना मोठा फटका बसला, तो वेळेवर अपडेट न केल्याने. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हा हल्ला पसरला तो युक्रेनमधील एका अधिकृत लेखा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. अस्सल परवाना म्हणजे अभेद्य कवच नव्हे. अपडेट येत राहणे आणि ती कुठून येतात हे ठाऊक असणे, या दोन गोष्टी मोलाच्या आहेत. नकली प्रतीत नेमक्या याच दोन्हींची खात्री नसते.

मुद्दाम विषारी प्रती पेरल्या जातात का?

होय, आणि त्याची नोंद झालेली उदाहरणे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या तपास पथकाने चीनमधील वेगवेगळ्या शहरांतून २० नवे संगणक विकत घेतले. सगळ्यांवर नकली विंडोज होती आणि चार संगणकांत घातक सॉफ्टवेअर आधीपासून बसवलेले होते. ग्राहकाने खोके उघडण्याआधीच, पुरवठा साखळीत कुठे तरी हे घडले होते. त्यातील ‘निटोल’ या जाळ्याविरुद्ध कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकी न्यायालयातून आदेश मिळवला.

दुसरे उदाहरण युद्धाचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ‘मँडियंट’ या सुरक्षा कंपनीने युक्रेनच्या सरकारी कार्यालयांतील हेरगिरीचा प्रकार समोर आणला. टॉरंटवर ठेवलेली विंडोज १० ची प्रत त्याचे साधन होती. तिच्यात युक्रेनी भाषेची सोय होती. मायक्रोसॉफ्टकडे सुरक्षाविषयक माहिती पाठवणारी यंत्रणा, स्वयंचलित अपडेट आणि परवान्याची तपासणी तिघीही बंद केलेल्या होत्या. नकली प्रत घेणाऱ्याला हेच तर हवे असते, त्यामुळे कोणाला वावगे वाटले नाही. ज्यांनी ती उतरवून घेतली त्या सर्वांवर हेरांचे लक्ष नव्हते. कामाचा मासा गळाला लागला की पुढची पावले टाकली जात.

पैशासाठी चालणारा प्रकार याहून साधा असतो. चीनमध्ये ‘टोमॅटो गार्डन’ या नावाने सुटसुटीत केलेली नकली एक्सपी प्रचंड लोकप्रिय होती. वापरकर्त्याला ती फुकट मिळायची, पण जाहिरातदारांची सॉफ्टवेअर तिच्यात घालून तिचे कर्ते पैसे कमवत. २००९ मध्ये सुझोऊ येथील न्यायालयाने प्रमुख आरोपीला साडेतीन वर्षांची कैद आणि दहा लाख युआन दंड ठोठावला. फुकट मिळणाऱ्या विंडोजमागेही कोणाचा तरी धंदा असतो, हे त्या खटल्यातून समोर आले.

मग कंपन्यांचा खरेच तोटा होतो का?

‘बीएसए’ ही सॉफ्टवेअर कंपन्यांची जागतिक संघटना आहे. तिच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१७ मध्ये जगातील ३७ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. भारतात हे प्रमाण ५६ टक्के, चीनमध्ये ६६ टक्के, तर अमेरिकेत १५ टक्के होते. भारतातील अशा सॉफ्टवेअरचे बाजारमूल्य सुमारे अडीच अब्ज डॉलर सांगितले गेले. २०११ मध्ये भारताचे प्रमाण ६३ टक्के होते, म्हणजे घट होत आहे. हे आकडे उद्योगाच्याच संघटनेचे आहेत, हे लक्षात ठेवायला हवे. बाजारमूल्य म्हणजे तोटाही नव्हे. नकली प्रत वापरणाऱ्या प्रत्येकाने ती मिळाली नसती तर पूर्ण किंमत मोजली असती, असे मानता येत नाही. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीची भारतातील किंमत दहा हजार रुपयांच्या आसपास आहे. वीस हजारांचा जुना संगणक घेणारा विद्यार्थी ती भरेलच असे नाही.

कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. चीनमधील लोक सॉफ्टवेअरचे पैसे देत नाहीत, पण चोरायचेच असेल तर त्यांनी आमचे चोरावे, सवय लागली की पुढे वसुली कशी करायची ते पाहू, अशा आशयाचे विधान बिल गेट्स यांनी १९९८ मध्ये एका विद्यापीठातील कार्यक्रमात केले होते. मार्च २०१५ मध्ये तर नकली विंडोज वापरणाऱ्यांनाही विंडोज १० वर येता येईल, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. परवाना मात्र त्यामुळे अस्सल होणार नाही, असा खुलासा नंतर आला.

या सवयीची खरी झळ बसली ती पर्यायांना. ‘लिनक्स’ ही १९९१ पासून मोफत उपलब्ध असलेली ऑपरेटिंग सिस्टीम. तिचे सर्वांत मोठे बळ म्हणजे शून्य किंमत. पण बाजूच्या दुकानात विंडोजही फुकटच मिळत असेल, तर ते बळ निकामी होते. चीनमध्ये सरकारी पाठबळ असलेली ‘रेड फ्लॅग लिनक्स’ तयार करणारी कंपनी २०१४ मध्ये बंद पडली. महाराष्ट्रातील छपाई व्यवसायाची गोष्ट याच्याशी नाते सांगणारी आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ‘श्रीलिपी’सारख्या, विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधील फॉन्टमध्ये जुळवला गेला. त्या काळातील हजारो पुस्तके आणि पत्रिकांच्या फाइल आजही त्याच रूपात आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची म्हणजे हा सगळा साठा नव्याने जुळवायचा. त्यामुळे पुढची विंडोज परवडत नसली, तरी सुटत नाही.

प्रामाणिक ग्राहकाला काय भोगावे लागते?

कुलूप जेवढे मजबूत, तेवढा घरमालकालाही त्रास. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि पैसे देऊन घेतलेल्या हजारो प्रती ‘नकली’ ठरल्या. विंडोज व्हिस्टाच्या सुरुवातीच्या रूपात नकली ठरलेला संगणक जवळपास निकामी होत असे. टीकेनंतर २००८ च्या सर्व्हिस पॅकमध्ये ही शिक्षा काढून केवळ सूचना दाखवण्याचे ठरले. आज परवाना बहुतेक वेळा संगणकाच्या मदरबोर्डशी जोडलेला असतो. विंडोज ८ पासून कंपनीच्या नव्या संगणकांत उत्पादन क्रमांक फर्मवेअरमध्येच साठवला जातो. सोय मोठी आहे, पण मदरबोर्ड जळाला तर अस्सल ग्राहकालाही परवान्यासाठी खटपट करावी लागू शकते.

काही शे रुपयांत मिळणारी ‘की’ अस्सल असते का?

संकेतस्थळांवर तीनशे-पाचशे रुपयांना विंडोजचा क्रमांक मिळतो आणि तो टाकल्यावर ‘ॲक्टिव्हेटेड’ असे दिसतेही. असे क्रमांक बऱ्याचदा एखाद्या संस्थेला अनेक संगणकांसाठी दिलेले, सॉफ्टवेअर विकसकांना चाचणीसाठी दिलेले किंवा भंगारात गेलेल्या संगणकांवरचे असतात. ॲक्टिव्हेशन झाले म्हणजे परवाना मिळाला असे नाही. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वापर दिसला, तर कंपनी तो क्रमांक बाद करू शकते. नकली ॲक्टिव्हेटरपेक्षा यातील धोका कमी आहे, कारण मूळ विंडोजमध्ये फेरफार होत नाही. पण पैसे देऊनही हाती कायदेशीर हक्क येतोच असे नाही.

कायदा काय सांगतो?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले. कलम ६३ ब नुसार, नकली आहे हे माहीत असूनही प्रोग्रॅम संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून केवळ ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. २०१२ मध्ये आलेले कलम ६५ अ हे कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलपे तोडण्याला गुन्हा ठरवते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले.

प्रत्यक्षात कारवाईचा रोख घरगुती वापरापेक्षा विक्रेते आणि कंपन्यांकडे राहिला आहे. नवा संगणक विकताना हार्ड डिस्कवर नकली सॉफ्टवेअर भरून देण्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टला १९ लाख ७५ हजार रुपये भरपाई मंजूर केली होती. दुकान, दवाखाना, सायबर कॅफे किंवा क्लास चालवणाऱ्याचा वापर ‘व्यवसायासाठी’ या व्याख्येत येतो, हे मात्र अनेकांच्या गावी नसते. कायदा एक सवलतही देतो. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत सुरक्षिततेसाठी जपून ठेवणे हा गुन्हा नाही.

मग जुन्या संगणकाच्या मालकापुढे मार्ग कोणते?

पहिला, संगणकावर काय आहे ते तपासणे. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ या भागात परवान्याची स्थिती दिसते. तिथे ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने’ मान्यता दिल्याचा उल्लेख असेल आणि संगणक कोणत्याही संस्थेचा नसेल, तर ॲक्टिव्हेटर वापरला गेल्याची दाट शक्यता असते. कंपनीचा संगणक विंडोजसह विकत घेतला असेल, तर परवाना बहुधा मदरबोर्डवरच असतो. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रत उतरवून नव्याने टाकली, तर पैसे न मोजता अस्सल विंडोज परत मिळते. दुरुस्तीवाल्याने सवयीने नकली प्रत टाकलेल्या अनेक संगणकांच्या बाबतीत हा उपाय लागू पडू शकतो.

दुसरा, विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप घेतल्यास ती शुल्काशिवायही मिळते.

तिसरा मार्ग लिनक्सचा. ब्राउझर, पत्रव्यवहार आणि हिशेब एवढेच काम असेल, तर जुन्या संगणकावर ती व्यवस्थित चालते. ‘सी-डॅक’ने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस लिनक्स’ मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते. केरळने सरकारी शाळांत दोन दशकांपूर्वीच मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी स्वतःची आवृत्ती काढली. तिथल्या विद्यार्थ्याला शाळेतील सॉफ्टवेअर घरी नेण्यासाठी क्रॅक शोधावा लागत नाही. प्रत काढून घरी नेणे हाच त्या सॉफ्टवेअरचा परवाना आहे.

यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जातात, ग्राहकांची आधार कार्डे स्कॅन होतात, त्याच्या सर्वाधिकारांची किल्ली अनोळखी माणसाने बनवलेल्या फाइलकडे सोपवलेली असते. विंडोजचे पैसे वाचवतो मालक. माहिती फुटली तर किंमत मोजतात ते मात्र त्या काउंटरवर कागदपत्रे देऊन गेलेले लोक. आत काय चालले आहे हे त्यांना कळायला मार्ग नसतो.